तात्यांचा बी-२७५: अठरा महिने, दोन लाख तेहतीस हजार आणि एक बेबाकी दाखला

२०२३ च्या भाऊबीजेला, म्हणजे १५ नोव्हेंबरला, मी सासवडजवळच्या आमच्या गावी पोचले तेव्हा भंगारवाला नुकताच येऊन गेला होता. गोठ्यामागे चिंचेखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे पंचेचाळीस हजार देतो म्हणाला होता. वजनावर. अप्पांनी त्याला "पोरीला विचारून सांगतो" म्हणून वाटेला लावलं. मला विचारायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. त्यांना विकायचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

ट्रॅक्टर म्हणजे इंटरनॅशनल बी-२७५, १९७१ चा. माझ्या आजोबांनी, तात्यांनी, कर्ज काढून घेतलेला. महिंद्रा आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये जी भागीदारी केली, तिच्या कांदिवलीच्या कारखान्यातला हा माल. मूळ आराखडा इंग्लंडमधला, इंजिन चार सिलिंडरचं, ताकद पस्तीस एचपी, पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर. आमच्याकडे तो २००६ च्या रब्बीपर्यंत चालला आणि मग एके दिवशी "उद्या बघू" म्हणून जो चिंचेखाली लावला, तो तिथेच राहिला.

मी पुण्यात धनकवडीला राहते, एका कंपनीत अकाउंट्स बघते. पाना हातात धरण्याचा अनुभव शून्य. पण हिशोबाची वही सवयीने पहिल्या दिवसापासून ठेवली, त्यामुळे खालच्या तारखा आणि आकडे आठवणीतले नाहीत, वहीतले आहेत.

पहिला महिना मिस्त्री शोधण्यात गेला. आत्ताच्या गॅरेजवाल्यांना बी-२७५ म्हटलं की ते एक तर हसतात नाही तर "इंजिनच बदलून टाका मॅडम" म्हणतात. हे अजिबात करू नका. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलला की कागदांचं एक वेगळंच प्रकरण सुरू होतं. शेवटी हडपसर रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये सत्तरीच्या जवळ आलेले एक मिस्त्री भेटले. ट्रॅक्टरचं नाव ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सायलेन्सरवर डबा होता का?"

मला कळेना. अप्पांना फोन लावला. अप्पा म्हणाले, होता, पण आजीने तो कोंबड्यांना दाणे टाकायला नेला होता, कधी ते आठवत नाही.

"मग पाणी गेलंय आत," मिस्त्री म्हणाले. "इंजिन जाम असणार."

उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर पालथा डबा नसेल तर पावसाचं पाणी थेट खाली उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल त्यात जाऊन बसतं. आमच्याकडे सतरा पावसाळे गेले होते. तुमच्या घरी असा एखादा ट्रॅक्टर उभा असेल आणि दुरुस्तीचा विचार नुसता मनात असेल, तरी आज जाऊन त्याच्या सायलेन्सरवर डबा ठेवा. बाकी सगळं नंतर.

मिस्त्रींच्या अटी तीन होत्या. पैसे दर शनिवारी, झालेल्या कामाचे. घाई नाही. आणि काहीही उघडायच्या आधी फोटो मी काढायचे, कारण "माझं डोकं आता विसरतं". ही तिसरी अट सोन्यासारखी ठरली. एकूण ६४० फोटो निघाले. जोडताना डिझेलचा कोणता पाइप कुठून गेला होता यावर दोनदा वाद झाला आणि दोन्ही वेळा फोटोने मिटवला.

२३ डिसेंबरला ट्रॅक्टर चिंचेखालून निघाला. मागचे टायर रिमला चिकटून फाटले होते, म्हणून शेजाऱ्यांच्या जेसीबीने उचलून गोठ्यासमोरच्या पडवीत ठेवला. शेडमध्ये न नेता गावातच काम करायचं ठरलं. मिस्त्री आठवड्यातून तीन दिवस एसटीने यायचे, जेवण आमच्याकडे.

आता जाम इंजिन सोडवण्याची गोष्ट, कारण सगळ्यांना उत्सुकता याचीच असते. नोझल काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं पातळ तेल निम्मं-निम्मं करून ओतलं. फॅनच्या पुलीवर आणि तिच्या समोर ब्लॉकवर खडूने एकेक रेघ मारली. मग रोज संध्याकाळी अप्पांनी थोडं थोडं मिश्रण वरून टाकायचं, टॉप गिअर घालून मागचं एक चाक जॅकवर उचलायचं आणि पहारेने ते चाक पुढे-मागे रेटायचं. जोर लावायचा नाही, नुसतं हिसकवायचं. पहिले आठ दिवस काहीच नाही. मी पुण्यातून रोज फोन करायचे, "हललं का?" अप्पा म्हणायचे, "तेल खाली उतरतंय." बाराव्या दिवशी, ४ जानेवारीला, त्यांनी फोटो पाठवला. पुलीवरची रेघ ब्लॉकवरच्या रेघेपासून जेमतेम दोन बोटं सरकली होती. खाली काही लिहिलं नव्हतं. मी ऑफिसात महिनाअखेरीची बिलं जुळवत होते, तो फोटो मोठा करून करून बघितला.

हेड उतरवल्यावर कळलं की तिसरं सिलिंडर गेलेलं आहे. भिंतीला गंजाचा एवढा खोल पट्टा की नख अडकत होतं. एअर क्लीनरच्या तेलाच्या भांड्यात उंदराचं घर, त्यात बाजरीची कणसं. कुंभारीण माशीने डिझेलच्या टाकीच्या झाकणाचं भोक मातीने लिंपून टाकलेलं. (हे भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि चालू ट्रॅक्टर दहा मिनिटांनी बंद पडतो. मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या "पंप गेलाय" तक्रारी याच्याच असतात.)

इथे एक धडा माझ्या चुकीचा. उत्साहाच्या भरात मी घरचा दहा ते बत्तीस मिलिमीटरचा पान्यांचा नवा सेट गावी नेला होता. बी-२७५ चे नटबोल्ट इंची आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना बसतो, पण सैल. सतरा वर्षं गंजलेल्या नटावर तो फिरवला की नटाचे कोपरे गोल होतात. मी दोन गोल केले. मिस्त्रींनी न बोलता माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि "चार सुताचा आणा" म्हणाले. अर्धा इंच म्हणजे चार सूत, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. इंची पाने रविवार पेठेत बोहरी आळीत नवे मिळतात, पण मला जुन्या बाजारात वापरलेले जास्त चांगले मिळाले. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर जा, आणि नमुना म्हणून एक नट खिशात ठेवा.

ब्लॉक, क्रँक आणि हेड १२ जानेवारीला हडपसरच्या एका मशीन शॉपमध्ये टाकलं. क्रँकला ग्राइंडिंग लागलं, बेअरिंग वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइजची बसणार असं ठरलं. चारही स्लीव्ह नव्या. त्यांनी दहा दिवस सांगितले, लागले एकतीस. वाट बघण्याचे ते दिवस मी सुटे भाग शोधण्यात घालवले आणि तिथेच पहिला मोठा घोळ झाला.

नाना पेठेत दुकानात जाऊन "महिंद्रा २७५ चं गास्केट किट" मागितलं. मिळालं, १,८५० रुपये. आनंदाने घरी आले. मिस्त्रींनी पाकीट न उघडताच बाजूला ठेवलं. आत्ताचा २७५ डीआय तीन सिलिंडरचा आहे. आपला बी-२७५ चार सिलिंडरचा. नाव सारखं, गोत्र वेगळं. काउंटरवर "२७५" एवढंच म्हणालात की समोरचा माणूस सरळ डीआयचं सामान काढतो, त्यात त्याचा दोष नाही. "बी" आधी म्हणायचा, मग "चार सिलिंडर", मग "हीटर प्लगवाला". एवढं सांगूनही शंका वाटली तर जुना भागच नेऊन काउंटरवर ठेवायचा. बरोबर किट शेवटी लुधियानाहून कुरिअरने आलं. ट्रॅक्टरच्या जुन्या मॉडेलचे भाग तिथे अजून बनतात आणि फोनवर फोटो पाठवला की ते ओळखतात.

या मधल्या काळात एक काम मी नशिबाने वेळेवर सुरू केलं, ते म्हणजे कागद. कारण वेगळंच होतं. माझ्या भाच्याने कुठेतरी वाचलं होतं की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना "व्हीए" अक्षरांची खास व्हिंटेज नंबरप्लेट मिळते. आमचा १९७१ चा, म्हणजे बसतो की! मी नियम काढून वाचला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने तो केला खरा, नवीन नोंदणीचं शुल्क वीस हजार, पण तो दुचाकींना आणि माणसं नेणाऱ्या चारचाकींना, म्हणजे मोटारींना आहे. ट्रॅक्टर त्यात येत नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि अप्पांना तर त्याने शेतात कुळवाची पाळी घालायची होती. तेव्हा आपल्याला रस्ता एकच: साधं नूतनीकरण.

दुसरी भीती लोक हमखास घालतात. "पंधरा वर्षं झाली, आता भंगारातच." दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा जो निर्णय ऐकू येतो तो दिल्ली आणि आसपासच्या परिसरापुरता आहे. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक वाहन. त्याची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. अर्ज फॉर्म २५. ऐकायला सोपं आहे.

आमच्यापुढे त्याआधीच्या तीन पायऱ्या होत्या. एक, आमचं आरसी बुक म्हणजे जुनं कापडी बांधणीचं पुस्तक. तीन अक्षरं आणि चार आकड्यांचा जुना नंबर, संगणकात कुठेच नाही. आधी "बॅकलॉग" नोंद करून घ्यावी लागते, तोवर ऑनलाइन अर्जात नंबर टाकला की "माहिती उपलब्ध नाही" एवढंच येतं. दोन, मालक म्हणून तात्यांचं नाव, आणि तात्या १९९८ ला गेले. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो (विकत घेतलेल्याला २९ आणि ३०, गल्लत करू नका). सोबत मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत. तीन, आरसीच्या शेवटच्या पानावर जांभळ्या शाईत एका सहकारी बँकेचा बोजा. ती बँक आता अस्तित्वातच नाही.

ना-हरकतीसाठी धाकट्या आत्याकडे फलटणला गेले तेव्हा तिने सही करायच्या आधी विचारलं, "मडगार्डवरची कडी आहे का अजून?" डाव्या मडगार्डला धरायला एक लोखंडी कडी होती. आत्या लग्नाआधी त्यावर बसून, कडी धरून सासवडच्या बाजाराला जायची. एकदा ओढ्यात ट्रॅक्टर कलला तेव्हा त्या कडीने तिला वाचवलं होतं. मी सांगितलं, आहे, पण मडगार्ड सडलंय, बदलावं लागेल. तिने चष्मा लावून सगळी पानं वाचली, सही केली आणि म्हणाली, "मडगार्ड बदल. कडी तीच लाव."

बोज्याचं काम सगळ्यात अवघड वाटलं होतं आणि सुटलं ते सातबाऱ्यामुळे. कर्ज १९७८ ला फिटलं होतं, हे घरात सगळ्यांना पाठ. कागद कुणाकडेच नाही. बँक अवसायनात गेलेली, म्हणजे बंद करून तिचे व्यवहार मिटवायला काढलेली, म्हणून ते मिटवणारा अवसायक कोण हे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात विचारलं. तिथल्या एका क्लार्कबाईंनी जी वाट दाखवली ती मी कधीच विसरणार नाही. त्या म्हणाल्या, ट्रॅक्टरचं कर्ज होतं ना, मग त्या वेळी जमिनीवरही बोजा चढला असणार. तो उतरला असेल तर फेरफार झाला असेल. फेरफाराची नक्कल आणा.

जुने फेरफार आता स्कॅन केलेले आहेत, "आपले अभिलेख" वर थोडं शुल्क भरून मिळतात. गट नंबरावरून शोधता शोधता दोन रात्री गेल्या. अक्षर मोडी नव्हतं, पण तलाठ्याचं होतं, म्हणजे फार फरक नाही. १९७८ च्या पानावर सापडलं: "कर्जाची पूर्ण फेड झाल्याने बेबाकी दाखल्यावरून बोजा कमी केला." बेबाकी दाखला! म्हणजे तो होता. ही ओळ अप्पांना फोनवर वाचून दाखवली, तर ते म्हणाले थांब, आणि फोन तसाच चालू ठेवून आत गेले. वीस मिनिटांनी आजीच्या पत्र्याच्या पेटीतून, तिच्या लुगड्यांच्या तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखालून, दाखला निघाला. घडीवर फाटलेला, पण शिक्का स्पष्ट. तो आणि फेरफाराची नक्कल जोडून अवसायकाकडे अर्ज केला, सात आठवड्यांनी फॉर्म ३५ वर सही-शिक्का मिळाला. तुमच्या आरसीवर असा बोजा असेल तर इंजिनाला हात लावायच्या आधी हे काम धरा. इंजिन पैशाने होतं. हे नुसत्या पैशाने होत नाही.

इकडे ब्लॉक परत आला, एप्रिलभर जोडणी झाली. डिझेल पंप आणि नोझल वेगळ्या पंपवाल्याकडून कॅलिब्रेट करून आणले. रेडिएटरला नवी जाळी. क्लच प्लेट, ब्रेक, पुढच्या एक्सलच्या बुशी. यात सांगण्यासारखं फार काही नाही, पैसे जातात आणि काम होतं. डायनामो काढून अल्टरनेटर लावायचा सल्ला सगळ्यांनी दिला. आम्ही डायनामोच भरून घेतला. व्यवहाराने पाहिलं तर चूकच, रात्री दिवे पिवळे पडतात.

२ जून २०२४, रविवार. सकाळी नऊची वेळ ठरली होती, हवा काढता काढता साडेअकरा वाजले. फीड पंपाचा दांडा मारायचा, नोझलचे नट सैल करून फेस जाऊन निखळ डिझेल येईपर्यंत थांबायचं, आवळायचं, पुढचा. या इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणून थंडीत हीटर प्लग लागतात. जूनच्या उकाड्यातही मिस्त्रींनी ते अर्धा मिनिट तापवले. सेल्फ मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पांढरा धूर, मग एकच ठोका, मग दुसरा, आणि मग ते चारही एकदम. आजी ओट्यावर बसली होती, तिला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "तात्या आले का?"

कोणीच काही बोललं नाही. चार मिनिटं चाललं. पाचव्या मिनिटाला मिस्त्रींनी गज काढून ऑइल पाहिलं आणि हात वर केला. बंद. गजावर दुधाचा चहा. पाणी ऑइलमध्ये उतरत होतं.

हेड तडकलेलं होतं, दोन व्हॉल्व्हच्या मधे, केसाएवढं. मशीन शॉपने व्हॉल्व्ह बसवून दिले होते, पण प्रेशर टेस्ट केली नव्हती. मी ती मागितलीही नव्हती, कारण अशी काही टेस्ट असते हेच मला माहीत नव्हतं. काही शे रुपयांचं काम आहे. हेड टाकताना चिठ्ठीवर लिहून घ्या. मला ते न लिहिणं ९,३०० रुपयांना पडलं: दुसरं वापरलेलं हेड, टेस्ट, गास्केट, सगळं ऑइल परत. हे हेड मिळायला साडेतीन आठवडे गेले, त्यात जुलैच्या पहिल्या आठवड्यात पालखी दिवे घाटातून सासवडला येते म्हणून वाहतूक वळवलेली. मिस्त्रींनी ते चार दिवस सुट्टी घेतली आणि वारीत चालत सासवडला आले, आमच्याकडे जेवले आणि पुढे जेजुरीला गेले. इंजिनाकडे बघितलंही नाही.

२१ जुलैला दुसऱ्यांदा चालू केलं. तासभर चाललं. ऑइल स्वच्छ. या वेळी कुणाला फारसा उत्साह नव्हता, सगळे गजाकडेच बघत होते.

पत्र्याचं आणि रंगाचं काम पावसाळ्यानंतर. लाल रंग कोणता यावर मी नको इतका वेळ घालवला. बॅटरीच्या खोक्याखाली ऊन-पाऊस न लागलेला मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा होता, तोच कापडाने पुसून रंगवाल्याला मिळवायला दिला. कडी आत्याची तीच. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, झेंडूची माळ घालून पूजा झाली. नवे टायर तेव्हा नुकतेच बसवले होते: मागे १२.४-२८, पुढे ६.००-१६, ट्यूबसकट ३९,००० रुपये. सगळ्यात मोठा एकरकमी खर्च हाच.

बॅकलॉग नोंद तोवर झाली होती. बोजा उतरला. नावबदलात एक प्रतिज्ञापत्र पुन्हा करावं लागलं, कारण पहिल्यात मी मधल्या आत्याचं सासरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगवेगळं लिहिलं होतं. पहिलं शंभरच्या स्टॅम्पवर केलं होतं. दुसऱ्याच्या वेळी, नोव्हेंबरात, शंभरचा स्टॅम्प बंद झाला होता आणि पाचशेचा घ्यावा लागला. नावं आधारप्रमाणेच लिहा, कंसात "उर्फ" घाला, पाचशे रुपये आणि तीन आठवडे वाचतील. शुल्काचे आकडे मुद्दाम देत नाही. जुन्या वाहनांच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून बरंच वाढलंय, आणि उशिराचा दंड प्रत्येकाचा वेगळा. अर्ज भरताना जो आकडा दिसेल तो खरा.

तपासणी दिवे गावातल्या आरटीओच्या ट्रॅकवर, २१ जानेवारी २०२५. आमच्या गावाहून ट्रॅक्टर चालवतच न्यायचा होता. अप्पा चालवायला, मी मागे स्कूटरवर, पिशवीत विमा, पीयूसी, सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती. अप्पांनी धुतलेला पायजमा आणि टोपी घातली होती. रांगेत टेम्पो, रिक्षा आणि मधे हा लाल ट्रॅक्टर. तीन ड्रायव्हर येऊन फोटो काढून गेले. ब्रेक, दिवे, हॉर्न, सगळं ठीक. मग निरीक्षकांनी चेसिस नंबर बघायला मागितला.

नंबर नव्हता. म्हणजे होता, पण त्यावर पुट्टी, प्रायमर आणि दोन हात लाल रंग होता. रंगवाल्याने खड्डे समजून भरून टाकला होता आणि आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, सहाशे चाळीस फोटो काढूनही. कागदावर पेन्सिल घासून नंबराचा ठसा घ्यावा लागतो, तो घेणार कशाचा? निरीक्षक शांतपणे म्हणाले, "काका, रंग छान झालाय. नंबर काढून आणा."

येताना दिवे घाटाच्या वरच्या अंगाला अप्पांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला. मला वाटलं काही बिघडलं. उतरून ते त्या जागी बोट फिरवत उभे होते, जणू आंधळ्याची लिपी वाचतायत. "सात आहे इथे," म्हणाले. "पहिला सात."

घरी रंग काढायचं द्रावण आणि पितळी ब्रशने दोन तासांत नंबर वर आला. ग्राइंडर अजिबात लावू नका, अंक घासले गेले तर पुढचं सगळं संशयाचं. त्यावर आता फक्त पातळ ग्रीसचा हात असतो. ४ फेब्रुवारीला परत गेलो, ठसा घेतला, पाच मिनिटांत मोकळे. मार्चमध्ये पोस्टाने कार्ड आलं. मालक म्हणून अप्पांचं नाव, वैधता पाच वर्षं.

एवढं झाल्यावर नवी सुरक्षा नंबरप्लेट. २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते. ट्रॅक्टरचा दर दुचाकीइतकाच आहे, ४५० आणि जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. अठरा महिन्यांत एवढं स्वस्त दुसरं काहीच नव्हतं. १७ मे २०२५ ला बसवली.

वहीतली बेरीज, विचारणाऱ्यांसाठी: मशीन शॉप आणि इंजिनाचं सामान ४१,२००, दुसरं हेड ९,३००, पंप-नोझल ११,८००, रेडिएटर ६,४००, टायर ३९,०००, क्लच-ब्रेक ९,७००, बॅटरी, वायरिंग, सेल्फ आणि डायनामो १४,६००, पत्रा-रंग २८,०००, सील, ऑइल, कुरिअर आणि ते चुकीचं किट धरून किरकोळ १७,५००, मिस्त्रींची मजुरी ४२,०००, कागद, विमा आणि हेलपाटे १३,९००. एकूण २,३३,४००. विकायला काढला तर यातले निम्मेही येणार नाहीत. ज्यांना फायद्यासाठी करायचं असेल त्यांनी करू नये, हे मी अकाउंटंट म्हणून सांगतेय.

हायड्रोलिकमधून अजून तेल झिरपतं. एका रात्रीत वाटीभर. मिस्त्री म्हणतात दिवाळीनंतर बघू. आणि ट्रॉलीचं आरसी वेगळं असतं, हे मला दिव्याच्या रांगेत कळलं. आमची ट्रॉली अजून चिंचेखालीच आहे, तिचंही पुस्तक तात्यांच्याच नावावर, आणि परवा अप्पांनी ते पुस्तक शोधून माझ्या पिशवीत घालून ठेवलेलं मला पुण्यात आल्यावर सापडलं.